रसाच्या इथेनॉलला हरित म्हणण्याआधी पाणी मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला, पेट्रोलमध्ये मिसळायच्या उसाच्या इथेनॉलवरचा लेख वाचला. धूर किती कमी होतो, परकीय चलन किती वाचते, सगळे आले. पाणी तेवढे राहून गेले. सोलापुरात बसून वाचताना याचा संताप येतो.

नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच उसाच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी धरले आहे. टनभर उसाच्या रसापासून थेट ७० लिटर इथेनॉल निघते. एकरी ४० टन ऊस धरा, म्हणजे २,८०० लिटर इथेनॉल आणि ८० लाख लिटर पाणी. एकरभर रानात ते साडेसहा फूट उभे राहील. आपला वर्षाचा पाऊस पावणेदोन फूट. बाकीचे उजनी धरणातून, नाहीतर बोअरमधून. २०२४च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, किती खाली गेली होती, ते इथे सांगायला नको.

मळीचे इथेनॉल वेगळे. साखर काढून उरलेल्या सी-हेवी मळीतून टनामागे दहा-अकरा लिटरच निघते, पण त्यासाठी उसाची एक सरीही जादा लागत नाही. त्याला खुशाल हरित म्हणा, फक्त स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचे सांडपाणी, ओढ्यात जाता कामा नये. दोन्ही एकाच मापाने मोजणे चूक आहे.

‘ठिबक करा’ म्हणून लेखकाने विषय संपवला. ठिबकाला रोज दोन-तीन तास पाणी लागते. कालव्याची पाळी येते महिन्या-दीड महिन्याने. शेततळे नसेल तर मधल्या दिवसांत नळ्या कोरड्याच. त्यात कालव्याचे पाणी गाळाचे. सँड फिल्टर (वाळूची गाळणी) वेळेवर बॅकवॉश केला नाही, म्हणजे उलटे पाणी सोडून धुतला नाही, की ड्रिपर चोंदतात, नळीच्या टोकाचा ऊस आधी पिवळा पडतो. मग शेतकरी नळ्या गुंडाळून बांधावर टाकतो आणि पाटाचे पाणी मोकळे सोडतो. आधी शेततळे, मग फिल्टर, मग नळ्या, असाच क्रम हवा. अनुदानही त्याच क्रमाने द्यावे.

आणखी एक. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिसळले की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते. ग्राहकाकडून मात्र पूर्ण पेट्रोलचा दर घेतला जातो. यावरही लेखात एक ओळ नाही.

आपला,
एक ऊस उत्पादक वाचक, सोलापूर