नाटकाची जाहिरात हातानं काढू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी अमळनेरचा पेंटर. ३४ वर्षं दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि निवडणुकीच्या भिंती रंगवल्या. फ्लेक्स आल्यापासून शाळेच्या भिंतीवरचे सुविचार तेवढे उरले आहेत. पण हे पत्र पोटापाण्याच्या तक्रारीचं नाही.

मुलगी नाशिकला उपयोजित कला शिकते. दिवाळीत ती पोलंडच्या पोस्टर्सचं जाडजूड पुस्तक घेऊन आली. त्यात यान लेनित्सा या चित्रकाराचं १९६४चं ‘वोझेक’ या ऑपेराचं, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकाचं, पोस्टर आहे. एकात एक गुंडाळलेले लाल वळसे आणि मधोमध उघडं तोंड. शेजारचा चहावाला डोकावला. “भाऊ, हाई काय शे?” मी सांगणार, तोवर तोच म्हणाला, “कोनीतरी बोंबली ऱ्हायना.” म्हणजे, कुणीतरी ओरडतंय. ऑपेरा काय, पोलंड कुठे, त्याला ठाऊक नाही, पण चित्र पोहोचलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडची राजधानी वॉर्सा ढिगाऱ्यात होती. सिनेमा सरकारच्या हाती, त्यामुळे नायकाचा चेहरा मोठा काढ म्हणून मागे लागणारा निर्माताच नव्हता. हेन्रिक तोमाशेव्स्की आणि त्यांच्या सोबत्यांनी कथेचा गाभा पकडून चित्रं काढली. १९४८ला व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात एकट्या तोमाशेव्स्कींना पाच पहिली बक्षिसं मिळाली. पुढे वॉर्साच्या कला अकादमीत त्यांनी पिढ्या घडवल्या. सेन्सॉर तर होताच, म्हणून चित्रकार आडून बोलायला शिकले आणि लोक आडून वाचायला. १९६२पासून तिथल्या सर्कशीनेही चित्रकारांना मोकळं सोडलं. आपल्याकडे सर्कस आली की भिंतीवर वाघ आणि झुल्यावरच्या मुली ठरलेल्या. तिथे एखादा गमतीदार प्राणी आणि चार अक्षरं, बस्स.

मला सर्वांत भिडली ती अक्षरं. कित्येक पोस्टर्सवर छापखान्याचा खिळा नाहीच, ब्रशनं लिहिलेली नाहीतर कागद कापून चिकटवलेली अक्षरं आहेत. १९८०ला ग्दान्स्कच्या जहाज कारखान्यात कामगारांचा संप झाला. येझी यानिशेव्स्की या तरुण चित्रकाराने तेव्हा ‘सोलिदार्नोश्च’ म्हणजे एकजूट हा शब्द लाल रंगात लिहिला. अक्षरं गर्दीतल्या माणसांसारखी एकमेकांना टेकून उभी आहेत, आणि एका अक्षरातून झेंडा निघाला आहे. मी आयुष्यभर सुतळीला निळीची पूड लावून भिंतीवर सरळ रेघ उमटवली. अक्षर त्या रेघेवरून घसरलं की वडील ब्रश हातातून काढून घेत. त्या शब्दात एकही अक्षर रेघेत नाही, आणि तरी एकही हलवता येणार नाही. मी तो पाटीवर पाच वेळा लिहून पाहिला. टेकलेली अक्षरं जमतात, त्यांचा भार एकमेकांवर पडलेला दिसत नाही.

आता मुद्दा. हौशी राज्य नाट्य स्पर्धेत जळगाव केंद्रावर आपली मुलं जीव ओतून नाटकं करतात. जाहिरात म्हणून मात्र दहा चेहऱ्यांचा फ्लेक्स लागतो. त्यात नटांपेक्षा शुभेच्छुक मोठे. नाटक कशाबद्दल आहे ते कुठेच कळत नाही. वॉर्सातल्या विलानुवला १९६८पासून पोस्टरचं स्वतंत्र संग्रहालय आहे, आणि तिथे जपलेले बरेच कागद नाटका-सिनेमाच्या जाहिरातींचे. आपल्या चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस घरातच राहून, टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून अख्खा देखावा उभा करत. ही नजर खान्देशाला परकी नाही.

माझी नाट्यसंस्थांना विनंती आहे. या वर्षी प्रत्येक नाटकासाठी एक पोस्टर हातानं काढून घ्या. चित्रकाराला आधी तालीम दाखवा, मग त्याला मोकळं सोडा. चेहरे नकोत, शुभेच्छुक नकोत. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये माझ्यासारखे रिकामे बसलेले पेंटर बरेच आहेत. तीन नाटकांची पोस्टर्स मी फुकट काढून देईन. कागद ७० बाय १०० सेंटिमीटरचा, रंग माझे. चिकटवायला कणकेची खळ घरून आणेन.

आपला,
एक पेंटर, अमळनेर