आकाशदर्शनाला दुर्बिणीआधी अंधार हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की गावोगावच्या हौशी खगोल संस्था लोकांसाठी आकाशदर्शनाच्या रात्री ठेवतात. मैदान मिळते, दुर्बीण येते, गर्दीही होते. पण कडेचा हायमास्ट जळत असतो आणि देवयानी दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा तो दूरचा समूह, काही दिसत नाही. डोळा अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. मोबाइलचा पांढरा पडदा एकदा पाहिला की सराव पुन्हा पहिल्यापासून. म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर लावावेत आणि मोबाइल खिशात ठेवायला प्रवेशालाच सांगावे.

तारीखही चुकते. कोजागिरीला लोक सहज जमतात खरे, पण पौर्णिमेला चंद्रावर सावल्याच नसतात, विवरे सपाट दिसतात आणि मंद तारे उजेडात बुडतात. नवख्यांसाठी शुद्ध पंचमी ते अष्टमी उत्तम. उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरे पाहून मुले हरखतात. तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग) आणि दीर्घिकांसाठी मात्र अमावास्येच्या आसपासचीच रात्र घ्यावी.

रांग का तुंबते, याचे उत्तर गणितात आहे. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आठ इंची डॉब्सोनियनला (हाताने फिरवायच्या, आरसा असलेल्या साध्या दुर्बिणीला) २५ मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचे भिंग, लावला तर ४८ पट वर्धन मिळते आणि पृथ्वी फिरत असल्याने गुरू साधारण चार मिनिटेच दृश्यात राहतो. ८ मिलिमीटरचा लावला तर १५० पट, पण दीड मिनिटाच्या आत तो निसटतो. मग पाचव्या माणसाला रिकामे आकाश दिसते आणि तो संकोचाने ‘दिसला’ म्हणून पुढे जातो. हे फार वाईट वाटते. गर्दीत कमी वर्धन ठेवावे, दर दोघांनंतर ग्रह मध्यावर आणावा. मुलांसाठी दोन पायऱ्यांचे भक्कम स्टूल हवे, नाहीतर ती नळीलाच लोंबकळतात.

गाडीतून आलेल्या दुर्बिणीचा आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला अर्धा-पाऊण तास द्यावा, तोवर प्रतिमा उकळल्यासारखी हलते. प्रवासातल्या धक्क्यांनी आरशांची जुळणी बिघडते, तीही अंधार पडण्याआधीच तपासावी. आयपीसवर दव धरले तर रुमालाने पुसू नये, काचेवरचा लेप ओरखडतो. दुसरा आयपीस खिशाच्या उबेत ठेवावा आणि आलटून पालटून वापरावा. मृगातला तेजोमेघ फोटोतल्यासारखा गुलाबी दिसणार नाही, राखाडी दिसेल, कारण मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत. हे रांगेतच सांगितले तर निराशा टळते.

नगरपालिका व ग्रामपंचायतींना विनंती इतकीच : संस्थेचा अर्ज आला तर त्या मैदानाचा हायमास्ट संध्याकाळी सात ते दहा बंद ठेवावा. येण्याजाण्याच्या वाटेवर जमिनीलगत लाल दिवे संस्थेने लावावेत, म्हणजे कोणी ठेचकाळणार नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ (रात्रीचा अंधार जपलेले क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली, त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे जमिनीकडे तोंड असलेले बसवले गेले. आपल्या गावात नवे दिवे घेताना निविदेत तेवढी एक अट घालता येईल.

आपले,
एका हौशी खगोल संस्थेचे कार्यकर्ते