घर सोडताना फरशीवर ॲसिड नको

महोदय,

शाळांना सुट्या लागल्या, बदल्यांचे आदेश निघाले की तालुक्याच्या गावांतून सामानाने लादलेले मेटाडोर दिसू लागतात. भाड्याची खोली सोडायच्या आदल्या दिवशी ॲसिडच्या दोन बाटल्या आणायच्या, मोरीपासून बैठकीपर्यंत ओतायच्या आणि खराट्याने खसाखसा घासायचे, ही पद्धत आता रूढ झाली आहे. घर स्वच्छ करून द्यावे ही भावना चांगलीच. पण यात फरशी कायमची बिघडते आणि डिपॉझिटवरून तंटा होतो.

शहाबादी आणि कोटा या दोन्ही फरश्या चुनखडीच्या दगडाच्या. ओट्यावरचा काळा कडप्पाही त्याच जातीचा. ॲसिड पडले की फसफसून फेस येतो, पाहणाऱ्याला वाटते मळ निघतोय. विरघळत असतो तो दगड! वाळल्यावर फरशी पांढुरकी, खरखरीत होते आणि पॉलिशचे मशीन फिरवल्याशिवाय सुधरत नाही. चिनीमातीच्या टाइल्सना स्वतःला फारसे काही होत नाही, पण सांध्यांतले सिमेंट खाल्ले जाते; मग मोरीचे पाणी तिथून मुरते आणि पलीकडच्या भिंतीला ओल येते. दगडी फरशीला अर्धी बादली कोमट पाणी, भांडी धुण्याचे लिक्विड दोन चमचे आणि ताठ ब्रश पुरतो. वरून दोनदा स्वच्छ पाणी मारावे. तेलाचा डाग मुरला असेल तर खायचा सोडा पाण्यात घट्ट कालवून त्यावर लेप द्यावा, रात्रभर ठेवावा, सकाळी खरवडावा. एका लेपाने गेला नाही तर दुसरा द्यावा.

दर्यापूर, मूर्तिजापूर, शेगाव भागात खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याने नळांवर पांढरा थर बसतो, तो मात्र आंबटानेच निघतो. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व घालून फडके भिजवावे, नळाला गुंडाळून अर्धा तास ठेवावे, जुन्या टूथब्रशने घासून लगेच धुवावे. हे पाणी शेजारच्या कडप्प्यावर ठिबकू देऊ नये. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची: ग्रामपंचायतीने दिलेली ब्लीचिंग पावडर घरात असते, ती ॲसिडसोबत संडासात कधीही टाकू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीत तो जीवघेणा ठरू शकतो.

कुलर काढताना लोक टाकी पालथी करतात आणि काम झाले म्हणतात. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ पत्र्याला चिकटलेली असतात, कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून टाकी काथ्याने आतून चारही बाजूंनी घासावी, दिवसभर उन्हात ठेवावी. कुलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या जुन्या ताट्या नालीत टाकू नयेत, पहिल्याच पावसात नाली तुंबते.

भिंतीतला खिळा सरळ ओढला तर प्लास्टरचा पोपडा सोबत येतो. पक्कडीने आधी डावीउजवीकडे फिरवून सैल करावा. भोकातली धूळ फुंकून आत पाणी शिंपडावे, मगच व्हाइट सिमेंटचा घट्ट गोळा दाबावा. कोरडी भिंत त्यातले पाणी शोषून घेते आणि गोळा सुटून पडतो. चुलीमागची तेलकट भिंत धुण्याच्या सोड्याने निघते, पण ऑइलपेंट असेल तरच. डिस्टेंपर सोड्यासोबतच उतरतो.

मातीची खोली असेल तर उंबऱ्याजवळचा खड्डा शेतातल्या काळ्या मातीने बुजवू नये. ती वाळली की आक्रसते, तडे जातात. पांढरी माती आणि बारीक मुरूम ओलसर करून पातळ थरांनी चोपावा, वरून शेणाचे सारवण करावे आणि पूर्ण वाळेपर्यंत सामान सरकवू नये.

जळमटे, पंखे, खिळे ही कोरडी कामे सामान असतानाच, जुनी चादर पसरून उरकावीत. ओले काम मेटाडोर गेल्यावर, आतल्या खोलीकडून दाराकडे. त्यासाठी किल्ली एक दिवस जास्त ठेवायची परवानगी आधीच मागून ठेवावी. शेवटी मीटरच्या रीडिंगचा आणि प्रत्येक खोलीचा दिवसाउजेडी फोटो काढावा.

घरमालकांनाही विनंती आहे. उन्हाने विटलेला रंग, झिजलेली बिजागरी ही वापराची झीज आहे, त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापू नयेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. त्याच करारात फरशी कोणती, भिंतीला रंग कोणता आणि ॲसिड वापरायचे नाही, एवढ्या दोन ओळी घालाव्यात.

— एक फरशी कारागीर, दर्यापूर, जि. अमरावती