फूड डिहायड्रेटरबाबत दिलेली चुकीची माहिती आणि रक्कम परत मिळण्याविषयी तक्रार

वडोदरा
दि. ११ ऑगस्ट २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग प्रमुख

महोदय,

उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घालण्याची आमच्या घरची जुनी पद्धत आहे. कारल्याच्या काचऱ्या आणि गवारीच्या शेंगा मे महिन्याच्या उन्हात दोन-तीन दिवसांत खडखडीत वाळतात. परसातल्या दोन चिकूंचा मोठा तोडा मात्र जूनमध्ये होतो, तोवर पाऊस सुरू होतो आणि पाट्या भरून फळ वाया जाते. एवढ्यासाठीच मी २ जून रोजी आपला सहा ट्रेंचा फूड डिहायड्रेटर ₹७,४०० देऊन घेतला.

खरेदी मी घाईने केली नव्हती. पंखा मागच्या बाजूला असलेल्या यंत्रात गरम हवा प्रत्येक ट्रेवरून आडवी जाते. पंखा तळाशी असला तर तीच हवा खालच्या ट्रेंमधला ओलावा घेत, थंड होत वर पोहोचते, हे मला ठाऊक होते. आपले यंत्र दुसऱ्या प्रकारचे असल्यामुळे मी आपल्या ग्राहक सेवेला फोन करून नेमका हाच प्रश्न विचारला. ट्रे फिरवण्याची गरज पडत नाही, सर्व ट्रे सारखेच वाळतात, असे मला सांगण्यात आले, आणि खोक्यावरही तेच छापलेले आहे. त्या एका वाक्यावर विसंबून मी मागे पंखा असलेले महाग यंत्र घेतले नाही.

चिकूच्या सहा मिलिमीटर जाडीच्या चकत्या, प्रत्येक ट्रेवर ३०० ग्रॅम (पुस्तिकेत ५०० ग्रॅमपर्यंत मुभा आहे), ५७ अंशांवर दहा तास ठेवल्या, तेव्हा तळाच्या चकत्या करपट आणि वरच्या दोन ट्रेंतल्या बोटाला चिकटणाऱ्या निघाल्या. पुढच्या खेपेला स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने मोजले असता तळाच्या ट्रेजवळ ६९ आणि सर्वांत वरच्या ट्रेजवळ ४४ अंश भरले. यातली तळाची उष्णता मला अधिक धोक्याची वाटते, कारण सुरुवातीलाच इतकी उष्णता लागली की फळाचा पृष्ठभाग कडक होऊन आतले पाणी बाहेर पडू शकत नाही, आणि असे फळ हाताला वाळलेले वाटूनही टिकत नाही. माझेही तसेच झाले. मधल्या ट्रेंतल्या चांगल्या दिसणाऱ्या चकत्या काचेच्या बरणीत भरल्या. तिसऱ्या दिवशी बरणीच्या आतून पाण्याचे थेंब जमले आणि सहाव्या दिवशी पांढरी बुरशी दिसली. घरातल्या लहान मुलांच्या डब्यासाठी केलेले ते सगळे फळ मला फेकून द्यावे लागले, याचे मला अजून वाईट वाटते.

शेवग्याच्या पाल्याचेही तेच झाले. कळ ४० अंशांवर असूनही तळाचा पाला काळा पडला.

चौथ्या खेपेला मी दर दोन तासांनी ट्रे खालीवर केले, तेव्हा सतरा तासांनी चकत्या बऱ्यापैकी वाळल्या, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. परंतु ज्या कामाची गरज नाही असे सांगून यंत्र विकले, ते काम रात्री उठून करावे लागत असेल, तर दोष माझ्या वापरात नाही. कळीवरचा आकडा आणि ट्रेवरची उष्णता यांत बारा अंशांचा फरक पडतो, त्यावर तर ट्रे फिरवणे हा उपायच नव्हे. याबद्दल मी दोनदा विचारले, तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी दोन्ही वेळा "माल कमी भरा" एवढेच उत्तर दिले.

तरी आपण हे यंत्र स्वखर्चाने परत नेऊन पूर्ण रक्कम द्यावी, आणि खोक्यावरचे व जाहिरातीतले ते वाक्य काढून ट्रे किती तासांनी फिरवावेत हे स्पष्ट छापावे, अशी माझी मागणी आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तक्रारदार राहतो त्या ठिकाणी ती करण्याची सोय या कायद्यात आहे.

बिलाची प्रत, बरणीची छायाचित्रे आणि तापमानाच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
एक ग्राहक