पाल्सीत वाट पाहण्याचा सल्ला नको

मा. संपादक, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सेरेब्रल पाल्सीवरचा (कोवळ्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत येणाऱ्या दोषावरचा) लेख कळकळीने लिहिलेला आहे, हे मान्य. पण निदानासाठी 'दोन वर्षं वाट पाहावी' हा त्यातला सल्ला कुठल्या काळातला? अपुऱ्या दिवसांचं, जन्मताना गुदमरलेलं किंवा आकडी आलेलं बाळ असेल, तर ६ महिन्यांच्या आतही निदान होऊ शकतं, हे तज्ज्ञांनी २०१७ सालीच मांडलं आहे. (वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचं.) ३-४ महिन्यांचं बाळ उताणं, जागं आणि शांत असताना काही मिनिटांचं चित्रीकरण करायचं. खुळखुळा नाही, चोखणी नाही, आईने बोलायचंही नाही. या वयात एरवी दिसणारी हातापायांची, मानेची बारीक वळवळ दिसते का, हे प्रशिक्षित नजर पाहते. नसेल तर पुढे मेंदूचा एमआरआय आणि 'हाइन' ही तान्ह्या बाळाच्या मज्जासंस्थेची तपासणी.

आणि ते छायाचित्र! थेरपिस्ट बाळाचे पाय सायकलसारखे फिरवते आहे, आई कोपऱ्यात पिशवी सांभाळत बसली आहे. दुसऱ्याने हलवलेल्या पायातून मेंदू काही शिकत नाही, बाळाने स्वतः धडपडावं लागतं.

मालिशीला तर अर्धा स्तंभ दिलात. स्वीडनमध्ये एका बाजूच्या पाल्सीची शंका असलेल्या तान्ह्या बाळांत मालिशीची दुसऱ्या उपायाशी तुलना झाली. काहींना मालिश, तर काहींच्या चांगल्या हातावर मोजा चढवून दुबळ्या हाताने खेळवणं: रोज ३० मिनिटं, आठवड्यातून ६ दिवस, ६ आठवडे. मग ६ आठवडे सुट्टी आणि पुन्हा ६ आठवडे. घरीच, आईवडिलांच्या हातून. दुबळा हात मोजावाल्यांचा अधिक सुधारला. मात्र नुसता मोजा चढवून भागत नाही. बाळाला टेकू देऊन असं बसवायचं की हात मोकळे राहतील. खेळणं हलकं, बारीक दांड्याचं, दुबळ्या हाताच्या टप्प्यात हवं. जड दिलं तर बाळ दोनदा हात मारून नाद सोडतं. रडलं की मोजा काढायचा. दोन्ही बाजू धरलेल्या असतील तर हा उपाय नव्हे. मालिश खुशाल करा, बाळ छान झोपेल. पण वर्षाच्या आत एकच हात वापरणारं बाळ 'डावरं' म्हणून कौतुकाने मिरवू नका, दाखवून आणा.

जाता जाता: त्याच पानावर पाल्सीसाठी ऑक्सिजन-कक्षाची 'खात्रीशीर' जाहिरात आहे. कॅनडातल्या १११ मुलांच्या चाचणीचा निकाल २००१ साली आला: दाबाखालचा ऑक्सिजन घेतलेली आणि किंचित दाबाची साधी हवा घेतलेली मुलं सारखीच सुधारली. २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झालेल्या बालस्वास्थ्य योजनेत तपासणी मोफत होते. तिच्या जिल्हा तपासणी केंद्राचा पत्ता पुढच्या रविवारी दोन ओळींत छापाल?

– एक बालफिजिओथेरपिस्ट, सातारा