ट्रेनिंग बटणांचं नको, तासाचं हवं

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. शाळांना स्मार्टबोर्ड मिळाले, टॅब मिळाले अशा बातम्या नेहमी येतात, पण ते वापरायला शिक्षकांना कोण आणि कसं शिकवतं यावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितेय. मी गणित शिकवते, २० वर्षं झाली.

मागच्या ट्रेनिंगचं सांगते. एका हॉलमध्ये आम्ही ६०-६५ जण, सगळ्या विषयांचे, सगळ्या इयत्तांचे एकत्र, आणि समोर एकच ट्रेनर. अकाउंट उघडा, इथे क्लिक करा, आता फाईल अपलोड करा. माझ्या शेजारच्या बाईंचा ओटीपी येईपर्यंत ते तीन स्टेप पुढे गेलेले, मग त्यांनी बिचारीने सगळं वहीत उतरवून घेतलं, घरी जाऊन करते म्हणाल्या, आणि दोन आठवड्यांत अ‍ॅप अपडेट होऊन बटणंच इकडची तिकडे झाली. संध्याकाळी सर्टिफिकेट मात्र सगळ्यांना मिळालं.

हे आमच्याकडेच होतं असंही नाही. ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेने २०१८ मध्ये अनेक देशांतल्या शिक्षकांचं जे टॅलिस सर्वेक्षण केलं, त्यात सरासरी ५६ टक्के शिक्षकांच्या मूळ प्रशिक्षणात तंत्रज्ञानाचा वापर होता, पण त्यासाठी आपण नीट तयार झालो असं वाटणारे फक्त ४३ टक्के. मिश्रा आणि कोहलर या शिक्षण-संशोधकांनी तर २००६ मध्येच मांडून ठेवलंय, टीपॅक म्हणतात त्याला, की विषय, शिकवायची पद्धत आणि तंत्रज्ञान एकमेकांत मिसळलं तरच उपयोग, नुसतं तंत्रज्ञान वेगळं काढून शिकवून भागत नाही.

मला हे कळलं ते हॉलमध्ये नाही, वर्गात. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर त्रिकोण काढला, पाया तसाच ठेवला आणि शिरोबिंदू पायाला समांतर रेषेवरून ओढत नेला, त्रिकोण पार आडवा झाला तरी क्षेत्रफळाचा आकडा हलेना. मला वाटलं छान झाला तास. मागे बसलेल्या आमच्या विज्ञानाच्या सरांनी नंतर विचारलं, मॅडम, ओढायच्या आधी मुलांना अंदाज का नाही विचारला? दुसऱ्या तुकडीत तेवढाच बदल केला. आधी वहीत लिहा, क्षेत्रफळ वाढेल, कमी होईल की तेच राहील. अर्ध्याहून जास्त मुलांनी वाढेल लिहिलं, आणि मग आकडा हलला नाही तेव्हा जो गलका झाला! एका मुलीने लगेच विचारलं, मग परिमिती पण तीच राहते का? तिलाच पुढे बोलावून ओढायला लावलं. नाही राहत, हे तिचं तिनेच शोधलं.

सॉफ्टवेअर तेच, बटणं तीच, फरक पडला तो सरांच्या एका प्रश्नाने, आणि नेमकं हेच कुठल्याही ट्रेनिंगमध्ये नसतं.

म्हणून ट्रेनिंग ठरवणाऱ्यांना मनापासून विनंती आहे, एका दिवसाचा हॉल बंद करा. त्याऐवजी एका विषयाचे ८-१० शिक्षक घ्या, त्यांना पुढच्या आठवड्यात जो धडा शिकवायचाय तोच घेऊन बसू द्या, नंतर कुणीतरी त्यांच्या वर्गात येऊन तास बघा, चुका काढायला नाही, सोबत विचार करायला, आणि महिन्याभराने परत भेटा. आणि यासाठी वेळापत्रकात एक तास रिकामा ठेवा, रविवार मागू नका.

आमच्या शाळेत सर आणि मी आता दर शुक्रवारी एकमेकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसतो. या शुक्रवारी त्यांचा प्रकाशाच्या अपवर्तनाचा तास आहे.

आपली,
एक गणित शिक्षिका