द्राक्षबागेतला खांदा आमच्याकडे इतक्या उशिरा का पोहोचतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोडी छाटणी उरकून घडांची विरळणी आणि डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं) सुरू झालं की आमच्या फिजिओथेरपी विभागात खांदा किंवा मान धरून येणारे वाढतात. पेठ, सुरगाण्याकडून दिंडोरी-निफाडच्या बागांवर मजुरीला आलेली ही माणसं. मांडवाखाली मान मागे टाकून उभं राहायचं आणि हात डोक्याच्या वर धरून दिवसभर काम करायचं. असं काम आठवडेच्या आठवडे चाललं की खांदा दुखणारच. मी सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे, सांधे आणि स्नायूंच्या आजारांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेली. हे रुग्ण माझ्यासमोर येतात तेव्हा दुखण्याला कित्येक महिने होऊन गेलेले असतात, म्हणून हे पत्र.

मधल्या काळात काय होतं ते रुग्णच सांगतात. आधी मेडिकलमधून गोळी, मग गावातल्या डॉक्टरकडे इंजेक्शन, मग उचल घेऊन एमआरआय. शेवटी नाशिकला हाडांच्या ओपीडीत रांग, आणि तिथल्या केसपेपरवर सगळ्यांत खाली लिहिलेलं असतं, ‘फिजिओ’. रुग्ण येऊन विचारतो, शेक कुठे देतात? त्याचा यात काहीच दोष नाही. बाकी सगळं करून झाल्यावर घ्यायचा शेक म्हणजे फिजिओथेरपी, हीच समज आपल्या यंत्रणेनेही धरून ठेवली आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की सांधे-स्नायूंच्या रुग्णाला फिजिओथेरपिस्ट सुरुवातीलाच भेटला पाहिजे, आणि तोही रुग्णाच्या तालुक्यात.

कंबर धरून माणूस आत आला की माझं पहिलं काम मशीन लावण्याचं नसतं. हे दुखणं घाबरण्यासारखं आहे का, हे आधी ठरवायचं असतं. दुखण्याने रात्री झोपेतून जाग येते का? वजन घटलंय का, संध्याकाळचा ताप येतो का, घरात कुणाला टीबी झाला होता का? आपल्याकडे मणक्याचा टीबी आजही आहे, आणि साधी कंबरदुखी समजून त्यावर महिनोन्‌महिने मलम चोळलं जातं. पूर्वी कॅन्सर झाला होता का? लघवी-संडासवरचा ताबा गेलाय का, बसायच्या जागी बधिर वाटतं का? ताब्याच्या किंवा बधिरपणाच्या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर आलं, तर तो रुग्ण त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे गेला पाहिजे. उशीर झाला तर ताबा कायमचा जाऊ शकतो. मग पायाच्या अंगठ्याची ताकद बघायची, गुडघ्याचा आणि घोट्याचा झटका बघायचा, सरळ पाय उचलून बघायचा. खांदा गोठल्यासारखा आखडला असेल तर साखर तपासायला सांगायची, कारण मधुमेह असलेल्यांत हा त्रास जास्त आढळतो. या सगळ्याला वीस मिनिटं, एक खाट आणि एक रिफ्लेक्स हॅमर, म्हणजे झटका तपासायची छोटी हातोडी, पुरते. ही तपासणी तालुक्यात पहिल्याच आठवड्यात झाली, तर धोक्याचे रुग्ण लवकर पुढे जातील आणि उरलेल्या बहुसंख्य लोकांचा खर्च आणि हेलपाटे वाचतील.

एमआरआयबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण गरिबाचा पैसा सगळ्यांत जास्त इथे जातो. मुळात दुखणंच नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एक आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या बाहेर फुगलेल्या दिसल्या. ऐंशीच्या घरात हेच प्रमाण ८४ टक्के होतं. म्हणजे वयाबरोबर केस पिकावेत तशा चकत्याही झिजतात, आणि त्यांतल्या कितीतरी कधीच दुखत नाहीत. पण ‘मणक्यात गॅप आहे’ किंवा ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ असं एकदा कानावर पडलं की माणूस वाकायचं सोडतो, चालायचं सोडतो. मग स्नायू खरोखरच कमजोर होतात आणि दुखणं वाढतं. ज्या बाईला रोज चालून मांडीचे स्नायू बळकट करायला हवेत, ती गुडघा झिजेल या भीतीने खाटेवर बसून राहते. ही भीती घालवण्यात आमच्या कामाचा मोठा वेळ जातो. पहिल्याच भेटीत नीट समजावलं असतं, तर ती इतकी खोल गेलीच नसती.

आणि मजुरीचं काय? ‘दहा दिवस रोज या’ हे आमच्या क्षेत्रातलं ठरलेलं वाक्य. सुरगाण्याहून एसटीने नाशिकला येऊन परत जायचं तर अख्खा दिवस जातो. ‘मॅडम, रोज बुडतो,’ असं बायका सांगतात आणि पुन्हा येत नाहीत. आम्ही मात्र रजिस्टरला नोंद करतो की रुग्णाने उपचार अर्धवट सोडले. ती नोंद मला अन्यायाची वाटते. ज्याच्या घरात हातावर पोट आहे त्याला दोनच व्यायाम द्यावेत, भिंत, टॉवेल, पाण्याची बाटली यांवर भागणारे, आणि महिन्याने त्याच्याच तालुक्यात पुन्हा बघावं. सलग दहा दिवस मशीनखाली झोपवण्यापेक्षा याचा उपयोग अनेकदा जास्त होतो.

वास्तविक कायदा आमच्या बाजूने आहे. केंद्राच्या २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्यानुसार फिजिओथेरपिस्ट सर्वंकष तपासणी करू शकतो आणि स्वतंत्रपणे किंवा चमूचा भाग म्हणून काम करू शकतो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत अनेक ठिकाणी सांधेदुखीचा रुग्ण फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातच थेट फिजिओथेरपिस्टला भेटतो. आपल्याकडेही राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात २०१०-११ पासून जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी आणि त्याखालच्या पातळीवर पुनर्वसनाची सोय अपेक्षित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, आणि माणसाला अपंगत्व आणणाऱ्या कारणांत ती पहिल्या क्रमांकावर आहे. एवढ्या मोठ्या दुखण्यासाठी ग्रामीण रुग्णालयात नियमित पद असू नये? जिथे पद आहे, तिथेही ते बऱ्याचदा कंत्राटी असतं. माणूस बदलला की बसलेली घडी मोडते, आणि रुग्णाला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं.

नाशिकला तर मनुष्यबळाची सबब सांगता येणार नाही. राज्यातल्या बहुतेक फिजिओथेरपी महाविद्यालयांना पदवी देणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. विद्यापीठ, महाविद्यालयं आणि जिल्हा आरोग्य यंत्रणा यांनी एकत्र बसून दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण या तालुक्यांच्या सरकारी रुग्णालयांत आठवड्याचा एक ठरलेला वार द्यावा. तोही आठवडे बाजाराचा, कारण त्या दिवशी माणसं गावातून आलेलीच असतात. अनुभवी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आंतरवासितेचे विद्यार्थी तिथे गेले, तर द्राक्षाचा खांदा आणि कांदा लागवडीची कंबर काय असते हे त्यांना कळेल. शहरातल्या वातानुकूलित क्लिनिकमध्ये हे शिकता येत नाही. द्राक्ष हंगामाच्या आधी बागायतदारांनीही पुढे यावं. मजूर एकाच कामावर दिवसभर न ठेवता दर दोन तासांनी काम बदलून दिलं, उंची कमी असलेल्यांना उभं राहायला स्टूल दिलं, तरी खांद्यावरचा भार पुष्कळ हलका होतो. हंगामात आजारी पडलेला मजूर बागायतदारालाही परवडत नाही.

अजून एक गोष्ट, जी उद्यापासून करता येईल. मनगट मोडलेल्या म्हाताऱ्या बायका प्लास्टर काढल्यानंतर कित्येक आठवड्यांनी आमच्याकडे येतात, तेव्हा बोटं वळत नसतात आणि खांदाही आखडलेला असतो. त्यांना भाकरी थापता येत नाही, पदर खोचता येत नाही. प्लास्टर घातल्या दिवशीच त्यांना फिजिओथेरपीकडे पाठवलं, तर मोकळी असलेली बोटं, कोपर आणि खांदा कसा हलवत राहायचा हे पाच मिनिटांत दाखवता येतं. याला निधी लागत नाही, नवं पद लागत नाही. प्लास्टर रूममधल्या केसपेपरवर त्याच दिवशी एक ओळ लिहिली जावी, एवढी सूचना जिल्ह्यातल्या सर्व सरकारी रुग्णालयांना निघावी, अशी आरोग्य प्रशासनाला आपल्या वृत्तपत्रातून विनंती करते.

आपली,
सरकारी सेवेतील एक फिजिओथेरपिस्ट, नाशिक
(सेवेच्या नियमांमुळे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)